उजवीकडची स्क्रीन

चौकशी समितीच्या साहेबांनो, तुम्ही अहवालात खोटं लिहिलंय.

पान चार. ती ओळ आम्हाला पाठ आहे. ‘सात अलार्म स्क्रीनवर येऊनही ऑपरेटरने एकाचीही दखल घेतली नाही. तीन वाजून अडतीस मिनिटांनी तो घाबरून जागा सोडून गेला.’ खाली तिघांच्या सह्या. त्यातली एक तर इतकी झोकदार, जणू बक्षीस वाटताना केलीय.

तीन अर्ज दिले. एकालाही उत्तर नाही. म्हणून आता इथे लिहितोय, भुताखेतांच्या पानावर. इथे निदान लोक शेवटपर्यंत वाचतात.

आणि वाचकांनो, तुम्हालाही आधीच सांगतो. यातला एक शब्द बनवलेला नाही. पटलं तर पटलं. यात अमावस्या नाही, ओसाड बंगला नाही, पांढऱ्या साडीतली बाई नाही. रविवार होता. भर दुपार. बाहेर डोळे दिपतील असं ऊन. खाली रस्त्यावर टेम्पो मागे घेताना वाजतो तो भोंगा, आणि दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं भाड्याचं घर.

त्या घरात दोघीच राहतात. माझी काकू आणि माझी चुलतबहीण. तिला सगळे चिमी म्हणतात. तिशी उलटली तरी चिमीच.

काका दोन वर्षांपूर्वी गेले. कारखान्यात बॉयलरच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. स्क्रीनवरचे आकडे बघायचे आणि काही बिघडलं तर मशीन बंद करायचं, हे काम. सत्तावीस वर्षं केलं. मग एका दुपारी बॉयलरचा पाइप फुटला आणि ते वाफेत सापडले.

माणूस गेला ते गेलाच. वर अहवाल आला. आणि कंपनीच्या क्वार्टर्समधल्या लोकांनी सगळ्या अहवालाचा एका शब्दात निकाल लावला.

झोपला होता.

किराणा घेताना, जिन्यात, नळावर. "झोपला होता म्हणे ड्यूटीवर." काकूच्या पाठीमागे नाही, तोंडावर. दोघींनी क्वार्टर सोडलं ते कंपनीने सांगायच्या आधी. पण त्या शब्दाने काही पाठ सोडली नाही. चिमीचं एक ठरत आलेलं लग्न त्या शब्दानेच मोडलं. काकू अजून अहवालाची प्रत शिवणाच्या डब्यात ठेवते, रिळांच्या खाली. सातही अलार्मच्या वेळा तिला तोंडपाठ आहेत. दुसरी बाई फोन नंबर लक्षात ठेवते तशा.

एवढं लक्षात ठेवा. आता कार्डाकडे येतो.

चिमी घरी बसून स्वयंपाकघरं काढते. म्हणजे सुतार मापं आणून देतात आणि ती कॉम्प्युटरवर ते स्वयंपाकघर हुबेहूब उभं करते. कपाट कुठे, खिडकी कुठे, उजेड कसा पडेल. गिऱ्हाईक चित्र बघून मान हलवतं, मगच सुतार करवतीला हात लावतो. पण तिच्या कॉम्प्युटरात ग्राफिक्स कार्डच नव्हतं. एक चित्र तयार व्हायला पाऊण तास. तेवढ्यात माऊससुद्धा धापा टाकायचा.

एका सुताराने बारा घरांचं काम एकदम आणलं. तेव्हा ती दुकानात गेली.

दुकानदार तोंडाळ पण प्रामाणिक होता.

"ताई, कार्ड असं उचलून नेता येत नाही. कॉम्प्युटरच्या पेटीत जागा किती?"

"मोजली नाही."

"मोजा. लोक हत्ती विकत घेतात आणि मग घरी जाऊन दार मोजतात. आणि पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे ते बघा. त्यावर चिकटवलेलं असतं."

चिमीने घरी येऊन काकूच्या शिवणाच्या टेपने पेटी आतून मोजली. एकवीस सेंटीमीटर. पॉवर सप्लाय चारशे वॅटचा.

दुकानदाराने कपाळाला हात लावला. "यात गेमचं कार्ड मावत नाही. मावलं तर वीज पुरत नाही. गेम खेळता?"

"स्वयंपाकघरं काढते."

"मग सुटलात. ड्रॉइंगचं कार्ड घ्या. बुटकं असतं, वीज कमी खातं. माझ्याकडे आत्ता नाही. ऑफिसांमधून जुनी निघतात, तसं मिळालं तर घ्या. फक्त कुठल्या मशिनमधून निघालं ते विचारा. कार्ड कुठे राबलंय ते माहीत असावं."

एवढी एकच गोष्ट त्याने बजावली होती.

शनिवारी संध्याकाळी दारात स्टोअरकाका उभे.

हे काकांचे मित्र. कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी, म्हणून स्टोअरकाका. दोघं वीस वर्षं एका स्कूटरवरून कामाला गेले. काकांना उचललं त्या दिवशी होते, त्यानंतर दोन वर्षं फिरकले नव्हते. बाजारात त्यांच्या बायकोला काकू भेटली होती, तिच्या तोंडून कार्डाचं कळलं म्हणे.

आत आले नाहीत. चंदेरी पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी चिमीच्या हातात दिलं.

"ड्रॉइंगचं आहे. चार स्क्रीन जोडता येतात. तुझ्या पेटीत बसेल."

"काका, आत तरी या. कुठलं आहे हे?"

"कंपनीतलंच. भंगारात निघालं." ते बोलता बोलता दोन पायऱ्या उतरले सुद्धा. मग मागे न बघता म्हणाले, "आहे तसंच लाव. त्यातलं काही काढू नकोस."

काकू आतून पाणी घेऊन आली तोवर जिन्यात कोणी नव्हतं.

"दोन वर्षांनी उगवला आणि घोटभर पाणी प्यायला नाही," काकू म्हणाली. "असला कसला मित्र."

चिमीचं लक्ष कार्डाकडे होतं. एकवीसमध्ये आरामात बसणार होतं. कुठल्या मशिनमधलं, हे तिने पुन्हा विचारलं नाही.

रविवारी जेवणं झाल्यावर तिने पेटी टेबलावर आडवी केली. अडीच वाजले होते. काकू शेजारी शिलाई मशीनवर परकराला नेफा घालत होती. टेबलाच्या डाव्या हाताला खिडकी, उजव्या हाताला भिंत. कोरी भिंत. खिळासुद्धा नाही. हे मुद्दाम सांगतोय.

चिमीने सगळ्या वायरी काढल्या. अंगातली वीज कार्डाला लागू नये म्हणून पेटीच्या पत्र्याला हात टेकवला. मागची पट्टी दोन स्क्रू काढून मोकळी केली. कार्डाला मागे चार तोंडं होती, त्यातल्या तीन तोंडांवर रबराची मऊ टोपणं. चौथ्यावरचं टोपण काळं, टणक, अंगठ्याच्या पेराएवढं. धुळीचं टोपणच असणार. तिने तिन्ही मऊ टोपणं तशीच ठेवायची की काढायची याचा विचार केला, एक काढलं, आणि तिथे आपली स्क्रीन लावायचं ठरवलं. काळं टोपण होतं तिथेच राहू दिलं.

आहे तसंच लाव, असं सांगितलं होतं ना.

कार्ड खाचेवर धरलं. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं.

टक.

बसलं. कडी लागली.

आणि लगेच...

टक.

पुन्हा एकदा.

चिमीने वाकून बघितलं. कडी एकच होती. ती एकदाच लागली होती.

"ऐकलंस?" ती म्हणाली.

काकूचं मशीन थांबलं होतं. "हे असं करायचे," काकू म्हणाली. "पेनाचं टोपण टेबलावर. आकडा लिहून झाला की दोनदा."

"आई, कडीचा आवाज होता."

"मी कुठे नाही म्हटलं."

मशीन पुन्हा सुरू झालं.

कॉम्प्युटर चालू केला तर स्क्रीन काळीच. चिमीने पेटीच्या मागे वाकून बघितलं. मग कळलं, स्क्रीनची केबल तिने सवयीने जुन्याच जागी खुपसली होती. कार्डाला लावायची ती.

"एवढी शिकलेली, आणि वायर चुकीच्या भोकात," काकू म्हणाली. दोघी हसल्या. त्या दिवसातलं ते शेवटचं हसू.

केबल बदलली. चित्र आलं. रंग असे, की आजवर मळक्या चष्म्यातून बघत होतो असं वाटावं. तिने एक स्वयंपाकघर उघडलं. पाऊण तासाचं चित्र चार मिनिटांत झालं. चिमीच्या डोळ्यांत पाणी आलं खरोखर. बारा घरं. महिन्यात होणार.

मग तिने चित्र बंद करायला माऊस उजवीकडच्या कोपऱ्यात नेला...

आणि माऊसचा बाण स्क्रीनच्या बाहेर गेला.

कडेला अडकतो ना बाण? हा अडकला नाही. उजव्या काठातून पलीकडे निघून गेला. भिंतीकडे.

तिने माऊस डावीकडे ओढला. बाण परत आला. पुन्हा उजवीकडे. पुन्हा गायब.

सेटिंग उघडून बघितलं. दोन चौकोन. एक आणि दोन. दोन स्क्रीन जोडल्या आहेत, म्हणे.

तिने दुकानदाराला फोन लावला. त्याचं रविवारीही दुकान उघडं.

"दोन दाखवतंय? फोटो काढून पाठवा की. स्क्रीनशॉट."

कीबोर्डवरचं बटण दाबलं की स्क्रीनवर जे आहे त्याचं चित्र निघतं, तो स्क्रीनशॉट. तिने काढला. उघडला.

चित्र दुप्पट रुंद होतं.

डाव्या अर्ध्यात तिचा कॉम्प्युटर. तिचं स्वयंपाकघर.

उजव्या अर्ध्यात...

राखाडी रंगाची पाटी. आकड्यांचे रकाने. वर बॉयलरचं साधं रेघांचं चित्र, त्यात पाइप, पाइपांवर झडपा. खाली एक लांब रिकामी चौकट. चौकटीच्या माथ्यावर एकच शब्द. अलार्म.

चिमीने तो फोनवर दुकानदाराला वाचून दाखवला.

तो हसला. "कार्डात जुनं चित्र राहणं शक्य नाही, ताई. कार्डाची मेमरी वीज गेली की कोरी होते. पाटी पुसल्यासारखी. तुमच्या डिस्कमध्येच काहीतरी असेल. पण दोन स्क्रीनचं कोडं सोडवतो. मागे बघा, एखाद्या तोंडात काही खुपसलंय का? टणक, काळं?"

"धुळीचं टोपण आहे एक."

"टोपण नाही ते. डमी प्लग म्हणतात. खरी स्क्रीन नसताना कॉम्प्युटरला वाटावं की आहे, म्हणून लावतात. तो बिचारा फसतो आणि अर्ध्या विंडो तिकडे पाठवत राहतो. उपटून टाका."

चिमीने तो उपटला. टेबलावर ठेवला. सेटिंगमध्ये बघितलं. चौकोन एकच.

सुटले, असं म्हणून तिने फोन ठेवला.

कार्डाचा बारीक पंखा घरघरत होता. तो हळूच थांबला. खालचा टेम्पोही थांबला असावा. काकूचं मशीन तर मघाशीच थांबलं होतं. खोलीत काही म्हणजे काही वाजेना.

मग उजवीकडून...

पीं.

बारीक आवाज. एकदाच.

चिमीच्या कॉम्प्युटरला स्पीकर नाहीत. हेडफोन खुंटीवर होते.

आवाज भिंतीतून आला नव्हता. भिंतीच्या अलीकडून आला होता. टेबलाच्या उजव्या टोकावर, जिथे दुसरी स्क्रीन ठेवली असती, बरोबर त्या रिकाम्या जागेतून.

तिने माऊस हलवला. बाण उजव्या काठातून पलीकडे गेला. प्लग तर टेबलावर पडलेला.

तिने स्क्रीनशॉट घेतला.

उजव्या अर्ध्यात तीच राखाडी पाटी. खालची चौकट आता रिकामी नव्हती. एक लाल ओळ.

प्रेशर जास्त. ३:१२.

तिने घड्याळाकडे बघितलं. तीन बारा.

"आई," ती म्हणाली. "इकडे ये."

काकू आली. चष्मा लावून तिने स्क्रीनशॉट बघितला. रकाने बघितले. काकू कधी कंट्रोल रूममध्ये गेलेली नव्हती, पण काकांनी एकदा तिला कागदावर काढून दाखवलं होतं, आपण दिवसभर काय बघतो ते.

ती ओरडली नाही. रडली नाही. खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "आता तीन पंधरा."

"काय?"

"पुढचा तीन पंधराला."

दोघी घड्याळाकडे बघत बसल्या. काटा पंधरावर आला...

पीं.

स्क्रीनशॉट. दोन लाल ओळी.

"तीन एकोणीस," काकू म्हणाली.

पीं.

"तीन सव्वीस."

खोलीत उकडायला लागलं होतं. छताचा पंखा फिरत होता तरी. खिडकीच्या काचा आतून धुरकटल्या. चिमीने कार्डाचं तापमान बघितलं. एकतीस अंश. कार्ड थंडगार होतं.

गरम दुसरंच काहीतरी होतं.

पीं.

आणि त्या चौथ्या आवाजानंतर भिंतीकडून...

टक. टक.

पेनाचं टोपण.

तो आवाज शांत होता. सवयीचा. कामात असलेल्या माणसाचा. मागे अलार्म वाजतोय याची गंधवार्ता नसलेला.

काकूने चिमीचं मनगट धरलं. "हे बसलेत तिथे. जागे आहेत. चिमे, जागे आहेत ते."

"आई..."

"सांग त्यांना. लिही काहीतरी. पाठव तिकडे."

तिने नोटपॅड उघडलं, अक्षरं होती तेवढी मोठी केली आणि लिहिलं:

बाबा प्रेशर वाढतंय. आत जाऊ नका. बाहेर पळा.

ती विंडो माऊसने पकडली आणि उजवीकडे ढकलली. अर्धी गेली. पूर्ण गेली.

पीं. तीन एकतीस.

स्क्रीनशॉट. उजव्या अर्ध्यात राखाडी पाटी, पाच लाल ओळी, आणि मधोमध तिचं नोटपॅड. एकेक अक्षर हाताएवढं. आंधळ्यालाही दिसावं असं.

"पोचलं," चिमी म्हणाली. "आई, पोचलं तिकडे."

दोघी थांबल्या. आता उठतील. आता खुर्ची सरकेल.

टक. टक.

आकडा लिहून झाला होता. पुढचा आकडा.

पीं. तीन छत्तीस.

टक. टक.

"वाचत का नाहीत," काकू म्हणाली. "एवढं मोठं लिहिलंय. वाचत का नाहीत हे."

तेव्हा चिमीची नजर टेबलावर पडलेल्या प्लगवर गेली.

अंगठ्याच्या पेराएवढा, काळा. खरी स्क्रीन नसताना कॉम्प्युटरला वाटावं की आहे.

काकू तिला हलवत होती. शेवटी ती एवढंच म्हणाली, "आई, तिकडे स्क्रीनच नाहीये."

अलार्म जात होते. आवाज जात होता. तिचं पत्रही गेलं होतं. सगळं एका प्लगमध्ये जात होतं. बाबांच्या समोर, उजव्या हाताला, रिकामं टेबल होतं.

तीन अडतीस.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग पावलं.

पावलं घाईची नव्हती, साहेबांनो. हे नीट वाचा. पाणी प्यायला उठावं तशी चालत गेली. एक दार उघडलं. बंद झालं.

काकू उठून भिंतीपाशी गेली आणि दोन्ही हातांनी भिंतीवर थापा मारायला लागली. "अहो, जाऊ नका. अहो."

चिमीने कार्डच उपटायचं ठरवलं. वीज बंद करायचंही सुचलं नाही तिला. उघड्या पेटीत हात घातला...

पीं.

तीन चाळीस.

स्क्रीन विझली. आणि पेटीतून वाफेचा लोट यावा तसा तिच्या तळव्यावर चटका बसला. ती मागे पडली.

पंखा घरघरायला लागला. खाली टेम्पोचा भोंगा वाजला.

डॉक्टरने हात बघून विचारलं, "कुकर उघडलात का घाईने?"

"का?"

"विजेचा चटका असा नसतो. हे वाफेने भाजलंय."

ते सगळे स्क्रीनशॉट अजून आहेत. उघडले तर उजवा अर्धा भाग नुसता काळा. पण रुंदी दुप्पट. दुकानदाराने स्वतः बघितलं. तो म्हणाला एका स्क्रीनवरून एवढं रुंद चित्र निघतच नाही. मग म्हणाला, ताई, हे माझ्या दुकानात परत आणू नका.

सोमवारी चिमी हाताला पट्टी बांधून कारखान्याच्या फाटकाबाहेर उभी राहिली. स्टोअरकाका सुटून आले तसा तिने प्लग त्यांच्यासमोर धरला.

"हा कोणी लावला होता?"

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "इथे नको, पोरी."

"इथेच. कोणी लावला?"

"मी."

तिला वाटलं होतं ते नाकारतील. शिव्या तिने तयार ठेवल्या होत्या.

"कारखान्याच्या साहेबांच्या केबिनमधली स्क्रीन बिघडली," ते म्हणाले. "नवी यायला वेळ होता. म्हणाले, कंट्रोल रूममध्ये दोन आहेत ना, एक आणा. दोन दिवसांचा प्रश्न आहे. आम्ही आणली. पण स्क्रीन काढली की मुख्य ऑफिसला आपोआप तक्रार जायची. साहेब म्हणाले, कॉम्प्युटरला कळता कामा नये असं काहीतरी कर."

"आणि आवाज?"

"स्पीकर त्या स्क्रीनमध्येच होता."

ते बोलतच राहिले.

"पहिल्या स्क्रीनवर नुसतं तापमान. प्रेशर आणि अलार्म दुसरीवर. मग तुझे बाबा दर अर्ध्या तासाने उठून आत जायचे आणि डोळ्यांनी काटा बघून यायचे. बरोबर घड्याळ लावून. दोन दिवस नाहीत, अकरा दिवस. रोज मला फोन करायचे. हॅलो नाही, कसा आहेस नाही. एकच विचारायचे. दुसरी स्क्रीन कधी येणार?"

"तीन अडतीसला ते..."

"काटा बघायला गेले. अर्धा तास झाला होता म्हणून. घाबरून कसले जातायत. त्यांना कुठे काय माहीत होतं."

"हे समितीला सांगितलंत?"

"स्क्रीन कुठे होती असं समितीने विचारलंच नाही. समिती चहा प्यायली साहेबांच्या केबिनमध्ये. ती स्क्रीन समोरच होती त्यांच्या."

"आता लिहून द्या."

"मला तीन वर्षं राहिलीत नोकरीची." ते रडत होते, पण मान नकारार्थीच हलत होती. "लिहून नाही देणार. म्हणून तर कार्ड आणून दिलं. मला वाटलं तू हुशार आहेस, प्लग बघून तुझं तुला कळेल. माझं तोंड उघडायला नको."

"तोंड बंदच ठेवलंत, काका," चिमी म्हणाली. "तुमची स्कूटर विका आता. मागे बसायला कोणी नाही."

ती निघून आली.

कार्ड तिने काढलंय. पत्र्याच्या डब्यात, कपाटात आहे. प्लग काकूच्या शिवणाच्या डब्यात, अहवालाच्या शेजारी. कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यासारखा. एक चित्र, पाऊण तास. बारा घरांचं काम दुसऱ्याकडे गेलं.

कार्ड नाही. प्लग नाही. स्क्रीन एक.

तरीही रोज दुपारी तीन बाराला माऊसचा बाण उजवीकडे निघून जातो. मी स्वतः बघितलंय. मी माऊसला हात लावलेला नव्हता.

आणि गेल्या रविवारी एक गोष्ट झाली, म्हणून हे लिहायला बसलो.

आम्ही तिघं बसलो होतो. तीन अडतीस झाले. उजव्या काठातून हळूहळू, कोणीतरी बोटाने ढकलावी तशी, एक विंडो आत आली.

चिमीचं नोटपॅड. त्या दिवशी पाठवलेलं.

वर तिची ओळ. बाबा प्रेशर वाढतंय. आत जाऊ नका. बाहेर पळा.

त्याच्या खाली एक नवी ओळ. ती आमच्यापैकी कोणी लिहिलेली नाही.

दुसरी स्क्रीन कधी येणार?

काकूने त्यातला शब्द न् शब्द मोठ्याने वाचला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "त्यांना काहीतरी कळवायला हवं रे. माणूस वाट बघतोय."

विंडो अजून उघडी आहे. बंद करायची कोणाची छाती होत नाही. त्या ओळीपुढे ती बारीक उभी रेघ चमकत असते, टाइप करा म्हणून सांगणारी. रोज तीन बाराला खोली तापायला लागते. रोज थोडी जास्त. परवा काकूच्या खुर्चीचा हात तापला.

तर समितीच्या साहेबांनो, तुमच्या तिघांच्या सह्या आहेत. ज्या केबिनमध्ये बसून त्या केल्यात, तिथे टेबलावर काय होतं ते तुम्ही बघितलेलं आहे.

काका रोज विचारतायत. खाली काय लिहून पाठवू?

तुम्ही सांगा.